साक्षीदाराचे घड्याळ

माझ्या लहानपणी सदरमध्ये रात्रीचा एक गुरखा फिरत असे. बाराच्या सुमारास विजेच्या खांबावर त्याची काठी वाजली, की आई कूस बदलून म्हणे, "चला, आला बिचारा." मग आम्ही निर्धास्त झोपत असू. पहिल्या तारखेला तो दाराशी येऊन सलाम करी आणि दिवाळीत त्याला पैशांबरोबर चिवड्याचा पुडाही मिळे. गल्लीतला कोणता मुलगा शेवटचा खेळ पाहून उशिरा परततो, कोणाच्या घरी रात्री भांडण होते, हे सारे त्याला ठाऊक असणार. पण त्याने कधी कोणाला काही सांगितल्याचे आठवत नाही. त्याने पाहिलेले त्याच्यापाशीच राहिले आणि त्याच्याबरोबरच केव्हातरी गावी गेले.

आता गुरखा येत नाही. त्याच्या जागी दारोदारी एकेक डोळा आला आहे. एकदा शाळेत जाताना मी सहज मोजायला सुरुवात केली. घरापासून शाळेपर्यंत दहा मिनिटांची वाट. उड्डाणपुलाखालून जाईपर्यंत एकेचाळीस कॅमेरे झाले आणि मग मी मोजणे सोडून दिले. सराफाच्या दुकानावर, औषधाच्या दुकानावर, बंगल्याच्या फाटकावर, इतकेच काय, एका लिंबूपाण्याच्या गाडीमागच्या भिंतीवरसुद्धा. शहराच्या चौकाचौकांत सरकारने बसवलेले साडेतीन हजारांहून अधिक आहेत, ते निराळेच. तसे पाहिले तर नजर ठेवण्याची रीत आमच्या वस्तीला नवी नाही. इंग्रजी अमदानीतल्या छावणीचा बाजार तो हा सदर बाजार. आणि भोसल्यांच्या दरबारावर नजर ठेवायला जो रेसिडेंट नेमलेला असे, त्याच्या नावाने आमचा रेसिडेन्सी रोड अजून ओळखला जातो. तेव्हा राजावर नजर असे, आता लिंबूपाणीवाल्यावर आहे, एवढाच काय तो फरक!

मी या विषयावर लिहावे, याचे कोणालाही नवल वाटेल. मी बालवाडीच्या मुलांना शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. शिक्षण म्हणाल तर दहावीपर्यंत; आमच्या घरातली जुनी माणसे त्याला अजून मॅट्रिकच म्हणतात. यंत्रातले मला काही कळत नाही. पण एका यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवून मी एका बाईवर जो अन्याय केला, तो मला पुरता कळला आहे. आणि तो सांगितल्याशिवाय ही दिवाळी मला गोड लागणार नाही.

आमच्या घरी कॅमेरा आला तो सासूबाईंसाठी. त्या ऐंशीच्या पुढच्या. एकदा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या आणि तासभर तशाच पडून राहिल्या. यजमान रोज भंडाऱ्याला नोकरीसाठी जाऊन-येऊन करणारे, मी सकाळी शाळेत. तेव्हा यजमानांनी ठरवले, की पुढच्या खोलीत कॅमेरा बसवायचा, म्हणजे आगगाडीत बसल्या बसल्या फोनवर आई दिसेल. एक चुणचुणीत मुलगा आला. त्याने अर्ध्या तासात भिंतीला भोके पाडली, तारा ओढल्या, कपाटावर एक काळा डबा ठेवला, आमच्या फोनमध्ये काहीतरी केले आणि "झालं बाई" म्हणून चहा घेऊन गेला. त्या मुलाने दाराला कुलूप बसवले असते तर मी किल्ली मागितली असती. इथे मागण्यासारखे काही असते हेच मला माहीत नव्हते.

सासूबाईंनी मात्र त्या डोळ्याशी पहिल्या दिवसापासून रीतीने वागायला सुरुवात केली. त्या त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घेत. "अहो, ते यंत्र आहे," आम्ही हसून म्हणायचो. त्या म्हणायच्या, "असेल. पण त्याच्या मागे कोण बसलंय, ते मला काय ठाऊक?" आम्ही आणखी हसायचो.

२०२४ च्या मार्चअखेरीची गोष्ट. नागपूरकरांना त्या दिवसांतले अवकाळी वादळ ठाऊक आहे. दुपारभर आग ओतणारे आकाश संध्याकाळी एकाएकी काळे होते आणि गारा फेकते. तशा एका संध्याकाळी वीज कडाडली, दिवे गेले, आले, पुन्हा गेले आणि तो काळा डबा मुका झाला. तो मुलगा पुन्हा आला. त्याने डब्याची कसलीशी कळ बराच वेळ दाबून धरली, फोनशी खटपट केली आणि चित्र परत दिसू लागले. आम्ही खूश. चित्राच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत वेळ उमटत असते. ती पाहण्याचे कोणालाच कारण नव्हते. आम्ही पाहायचो ते सासूबाईंना.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सासूबाईंची सोन्याची पोत नाहीशी झाली.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे साडेबाराला शाळेतून आले. एक वाजता त्यांना वाढले तेव्हा पोत त्यांच्या गळ्यात होती. त्याविषयी मला आजही शंका नाही. सव्वाला मी परत शाळेत गेले, कारण निकालपत्रकांची सभा होती. पाचला घरी आले तो गळा मोकळा. सासूबाईंना विचारले, तर त्या नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांची आठवण त्या सुमारास अशीच झाली होती. एखादा दिवस लख्ख, एखादा दिवस धुक्यासारखा.

मी फोन हातात घेतला आणि दुपारचे चित्र मागे नेऊन पाहू लागले. सव्वा वाजले, दीड वाजला. सासूबाई खाटेवर बसून होत्या. दोन वाजून पाच मिनिटांनी दार लोटून आमच्याकडे धुणीभांडी करणारी बाई आत आली. केरसुणी घेऊन खाटेकडे गेली. खाटेशी वाकली.

मी तिथेच चित्र थांबवले.

तिचे नाव मी इथे लिहीत नाही. ते एकदा माझ्या तोंडून भलत्या कारणाने निघाले, तेवढे पुरे झाले. गड्डीगोदामात राहणारी, नऊ वर्षे आमच्याकडे येणारी, सकाळी साडेअकराच्या आगेमागे येऊन बाराच्या पुढे जाणारी. दुपारी दोनला तिचे आमच्याकडे कामच नव्हते. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी तिला दारातच विचारले, "ताई, काल दुपारी का आली होतीस?"

"दुपारी? मी दुपारी आलीच नाई बाई. सकाळीच येऊन गेली नेहमीसारखी."

मी फोन तिच्यापुढे धरला. तिने स्वतःला पाहिले, खालचा आकडा पाहिला. ती गोंधळली, आणि मला तो गोंधळ गुन्ह्याच्या कबुलीसारखा वाटला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, ती सकाळीच आली होती. मीच म्हटलं ना तिला, उंबऱ्यावर ऊन आहे तोवर लोणच्याची बरणी ठेव म्हणून." मी तिकडे लक्षसुद्धा दिले नाही. ज्यांना काल काय जेवलो हे आठवत नाही, त्यांची साक्ष काय धरायची! माझ्यापाशी यंत्र होते. यंत्राला म्हातारपण नसते, यंत्राला कोणाची दया येत नाही, यंत्र कोणाच्या बाजूचे नसते. मी पोलिसांत गेले नाही, हा माझा मोठेपणा असेही मला तेव्हा वाटले. तिला फक्त उद्यापासून येऊ नकोस म्हटले. आणि शेजारच्या दोन घरी ती काम करी, त्यांना सावध करणे माझे कर्तव्य म्हणून तिथेही सांगून आले. दोन्ही घरांनी तिला काढले.

आठ दिवसांनी माझा भाचा आला. तो इथल्याच सिव्हिल लाइन्समधल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत शिकतो. ठसे, रक्ताचे डाग, खोट्या सह्या यांच्या जोडीने आता फोन आणि कॅमेरेही तपासायला शिकवतात म्हणे. मी त्याला हकिगत सांगितली. खरे तर थोडी बढाईनेच सांगितली, की पाहा, तुझ्या विद्येचा मी घरच्या घरी कसा उपयोग केला.

तो एवढेच म्हणाला, "मावशी, त्या डब्याचं घड्याळ तपासलंस का?"

त्याने डब्याला लगेच हात लावला नाही. आधी आपल्या फोनवरची खरी वेळ आणि कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातली वेळ शेजारीशेजारी धरून त्याचा फोटो काढला आणि दोन्ही वेळा वहीत लिहिल्या. मग त्या दिवसाच्या चित्रणाची नक्कल उतरवून घेतली. त्या नकलेवरून त्याने गणिताने एक लांबलचक आकडा काढला. त्याला ते ठसा म्हणतात. मला समजावे म्हणून तो म्हणाला, "ठिपक्यांची रांगोळी समज. त्यातला एक ठिपका कोणी हलवला, तर हा सबंध आकडाच बदलतो. म्हणजे पुढे कोणी म्हणालं, की तुम्ही चित्र फिरवलंत, तर आकडा ताडून पाहायचा." मला हे सारे पोरखेळ वाटत होते. मग त्याने वही माझ्यापुढे सरकवली. खरी वेळ संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. कॅमेऱ्याची वेळ आठ वाजून चाळीस मिनिटे.

"अडीच तास पुढे," तो म्हणाला. "अगदी नेमके अडीच तास. हा डबा चीनमधल्या कारखान्यात तयार झाला आहे. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. वादळानंतर त्या मुलाने कळ दाबून डबा कारखान्यातून निघाला तसा कोरा केला आणि पुन्हा घड्याळ लावायला विसरला. तुमची पुढची खोली तेव्हापासून बीजिंगच्या वेळेवर चालली आहे."

दोन-पाचमधून अडीच तास वजा करायला मॅट्रिकसुद्धा नको. अकरा-पस्तीस. तिची रोजची वेळ. रोजचा केर.

तरी माझे मन मानेना. माणूस आपली चूक इतक्या सहज सोडत नाही. मी म्हटले, "पण कशावरून?" त्याने काही न बोलता चित्र पुढे नेले, जिथे मी आठ दिवसांपूर्वी थांबले होते, त्याच्या पुढे. दोन-पन्नासला ती बाई पदराला हात पुसत निघून गेली. आणि बरोबर तीन वाजता दार लोटून, खांद्याला झोळी, हातात छत्री अशी मी स्वतः आत आले!

त्या दिवशी तीन वाजता मी शाळेत होते. सभेतल्या वीस शिक्षकांनी मला पाहिले होते. मी निकालपत्रकांवरून दोन शब्द बोललेही होते. पण यंत्राच्या साक्षीने मी त्या वेळी घरात होते आणि सासूबाईंच्या खाटेशी वाकून त्यांना वाढत होते. ज्या साक्षीने ती चोर ठरली, त्याच साक्षीने मीही ठरत होते. फरक एवढाच, की तिचे चित्र पाहून झाल्यावर मी पाहणे थांबवले होते.

कादंबरीकाराची ही खोड असावी. एक प्रसंग हाती लागला, की त्याच्या मागचेपुढचे तो स्वतःच रचतो. केरसुणी घेऊन वाकलेली बाई मला मिळाली आणि बाकीचे मी लिहून काढले. खरे म्हणजे पडद्यावरच्या त्या दोन-पाचच्या चित्रात उंबऱ्यावर बोटभर ऊन स्पष्ट दिसत होते. आमचे दार पूर्वेचे. दुपारी दोनला तिथे ऊन नसते हे अठरा वर्षे त्या उंबऱ्यावर वाळवणे मांडणाऱ्या मला कळू नये? सासूबाईंना ते आठवत होते. त्यांनी सांगितलेही होते.

चित्र आणखी पुढे गेले. पडद्यावर पावणेपाच, म्हणजे खरे सव्वादोन. सासूबाई खाटेवरून सावकाश उठल्या, गळ्यातली पोत काढली, मुठीत धरली आणि भिंतीला धरून आतल्या खोलीत गेल्या. परत आल्या त्या रिकाम्या हाताने. पंधरा मिनिटांत पोत सापडली; वाळवणाच्या डब्यात, सांडग्यांच्या खाली. चोरांच्या भयाने त्यांनी ती लपवली होती आणि लपवल्याचे त्या विसरल्या होत्या.

मला वाटले, आता गोष्ट संपली. पण भाचा अजून डब्याशीच बसला होता. त्याने डब्याचे नाव विचारले, फोनवर काही शोधले आणि दुसऱ्याच प्रयत्नात तो डबा त्याच्या फोनवर उघडला. "मावशी, तुमच्या घराला कुलूपच नाही." कारखान्यातून येताना अशा प्रत्येक डब्याला एक नाव आणि एक परवलीचा शब्द दिलेला असतो. नाव बहुधा ‘ॲडमिन’ आणि शब्द म्हणजे एकापासून सहापर्यंत आकडे किंवा तसलेच काही. तो घेणाऱ्याने बदलायचा असतो. वादळानंतर घड्याळाबरोबर तो शब्दही कोरा झाला होता. कुलूप होते, पण त्याची किल्ली जगातल्या प्रत्येकाच्या खिशात होती.

त्याने मला एक गोष्ट सांगितली. २०१६ साली अमेरिकेत विशीच्या आसपासच्या तीन पोरांनी ‘मिराय’ नावाचा एक कार्यक्रम रचला. मिराय म्हणजे जपानी भाषेत भविष्यकाळ. तो जगभरच्या कॅमेऱ्यांची आणि अशा डब्यांची दारे ठोठावी आणि कारखान्यातून येणारे साठेक परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाही. जे दार उघडे, ते यंत्र त्याचे गुलाम होई. मालकाला पत्ताही नसे. चित्र दिसतच राही. अशा लाखो यंत्रांची फौज तयार झाली. पुढे त्यांनी तो मंत्र उघड्यावर टाकला आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तशाच एका फौजेने इंटरनेटवरचे पत्ते सांगणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर एकदम इतक्या हाका मारल्या, की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या जागा काही तास बंद पडल्या. त्या तिघांनी डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयात आपला गुन्हा कबूल केला. हे सारे सुरू झाले होते, ते मुलांच्या एका खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्ध्याला पाडण्यासाठी! कोणाच्या माडीवरचा, कोणाच्या पाळण्यावरचा कॅमेरा त्या फौजेत होता, कोण जाणे.

डब्यात एक नोंदवहीही असते; कोण केव्हा आत आले ते ती लिहून ठेवते. भाच्याने ती उघडली. आमच्या दोन फोनांखेरीज एका अनोळखी पत्त्यावरून कोणी अकरा वेळा आत येऊन गेले होते.

"कोण?" मी विचारले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"ते यावरून सांगता येत नाही," तो म्हणाला. "पत्ता म्हणजे माणूस नव्हे. तो भाड्याच्या यंत्राचा असेल, किंवा तुमच्यासारख्याच एखाद्या बेसावध घरातल्या कॅमेऱ्याचा. बहुतेक वेळा माणूस नसतोच, नुसतं यंत्र दार वाजवत फिरतं." तो मला धीर देत होता. पण कूलर पुढच्या खोलीत, म्हणून उन्हाळ्यात सासूबाईंची खाट तिथेच असे. त्यांचे अंग पुसणे, लुगडे बदलणे तिथेच होई. त्या पदर घेत, तेव्हा आम्ही हसत होतो. कोणी पाहिले की नाही, हे मला आजही ठाऊक नाही आणि कधी ठाऊक होणार नाही.

म्हणूनच २०२५ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रात ती राजकोटची बातमी वाचली, तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तिथल्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्याची चित्रे चोरून विकली जात होती. पोलिसांनी पकडलेल्यांत आपल्याच लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. त्या कॅमेऱ्याचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तसाच सोपा ठेवलेला होता, असे पुढे छापून आले. वैद्याच्या विश्वासावर खोलीत गेलेल्या त्या बायाबापड्यांचे काय झाले असेल, याचा विचार करवत नाही. त्याच वर्षी ९ एप्रिलपासून नव्याने विकायच्या कॅमेऱ्यांची सुरक्षेची तपासणी सरकारने सक्तीची केली आहे. चांगलेच झाले. पण भिंतीवर आधीच बसलेल्या डोळ्यांचे काय? त्यांचा शब्द आपण बदलायचा, दुसरे कोणी बदलणार नाही.

भाच्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या जालन्याची. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत होती. अर्जुन खोतकर निवडून आले ते २९६ मतांनी. पराभूत झालेल्या कैलास गोरंट्यालांनी न्यायालयात म्हटले, की विजयी उमेदवाराचा अर्ज तीन वाजून गेल्यावर आला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्याने ते टिपले आहे. पाहा, तिथेही प्रश्न तीन वाजण्याचाच! पण कायदा म्हणतो, की यंत्राच्या नकलेबरोबर, ती कोणत्या यंत्राची, कशी काढली, यंत्र नीट चालत होते की नाही, याचा सहीचा दाखला हवा. तो दाखला मागून मागून मिळेना. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अधिकाऱ्याच्या जबानीवरून चित्रण मानले आणि निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने ठरवून टाकले: मूळ यंत्रच समोर आणले नसेल, तर दाखला हवाच, मात्र ज्याने तो मिळवण्याची सारी खटपट केली आणि तरी मिळाला नाही, त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा नाही. उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यात त्या दाखल्यावर यंत्र सांभाळणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते आणि तो रांगोळीचा आकडाही लिहावा लागतो.

हे ऐकताना मला माझीच लाज वाटली. एका आमदारकीसाठी देशातली मोठमोठी न्यायालये वर्षानुवर्षे विचार करतात, की यंत्राच्या साक्षीवर कितपत आणि कसा विश्वास ठेवावा. मी एका बाईची तीन घरांची भाकर पाच मिनिटांत तोडली. ना दाखला, ना घड्याळ, ना उलटतपासणी.

दुसऱ्या दिवशी मी गड्डीगोदामात गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सारे सांगितले. चीन, वादळ, अडीच तास. तिने मध्ये एक शब्द काढला नाही. शेवटी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बाई, माह्यावर नाई ठेवला इस्वास, चालते. मी परकी. पण आजी सांगत होती ना, सकाळीच आली म्हणून. तिचं तं ऐकाचं."

यावर मी काय बोलणार!

मग मी त्या दोन शेजारच्या घरी गेले. एका घराने तिला परत बोलावले. दुसऱ्या घरच्या वहिनी माझे सारे ऐकून घेऊन म्हणाल्या, "असेल हो. पण कॅमेऱ्यात दिसली होती ना?" मी पुन्हा सांगितले. त्यांनी पुन्हा मान हलवली. त्यांनी तिला परत घेतले नाही. डब्यातले चित्र पुसता येते. मी त्यांच्या ओसरीवर उभी राहून बोललेले वाक्य मला पुसता आले नाही.

महिन्याभराने ती आमच्याकडे परत आली, पण एका अटीवर. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेले असते. आल्याची आणि गेल्याची वेळ ती स्वतः त्यावर पेन्सिलीने लिहिणार. तिला अक्षरे फारशी येत नाहीत, आकडे येतात. तेव्हापासून आमच्या एकादशी-चतुर्थीच्या शेजारी तिचे आकडे असतात.

कॅमेरा आम्ही काढला नाही. सासूबाई पडू नयेत ही गरज आहेच. पण त्याचा मोहरा दाराकडे फिरवला. खाट आता त्यात दिसत नाही. परवलीचा शब्द मोठा, आमचाच असा घातला. तो काय आहे ते लिहीत नाही, एवढे शहाणपण मला आले आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, गुरखा सलाम करायला येई त्या दिवशी, मी डब्याचे घड्याळ फोनशी ताडून पाहते, नोंदवहीत कोणी अनोळखी येऊन गेले आहे का ते पाहते आणि कालनिर्णयावरचे आकडेही पाहते. एकदा दोन्हींत सात मिनिटांचा फरक निघाला. भाच्याला विचारले, तर डबा सात मिनिटे मागे पडला होता. पेन्सिल बरोबर होती.

परवा दिवाळीची साफसफाई चालली होती. ती स्टुलावर चढून जाळी काढत होती. कॅमेऱ्यापाशी आली, फडक्याने त्याची काच पुसली आणि खाली वळून मला विचारले, "बाई, याचं घड्याळ बरोबर हाय ना आज?"

मी आत जाऊन पाहून आले आणि मग तिला सांगितले, "हो, बरोबर आहे."